गेलेली बाजू

मत्स्यालयाच्या दुकानात सगळ्यात स्वस्त मासे ज्या टाकीत असतात, तिथे झेब्राफिश हमखास दिसतो. बोटाच्या दीड पेराएवढा, चंदेरी अंगावर डोक्याकडून शेपटीपर्यंत गेलेले निळे पट्टे, आणि घटकाभर एका जागी थांबायचं नाही अशी धावपळ. नवख्या हौशी माणसाच्या हातात दुकानदार आधी हाच ठेवतो, कारण तो सहजासहजी मरत नाही. मूळचा तो आपल्याच उपखंडातला. संथ ओढे, डबकी, भाताची खाचरं हे त्याचं घर. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश वैद्याने गंगेच्या माशांवर १८२२ साली ग्रंथ छापला, त्यात याची पहिली शास्त्रीय नोंद सापडते. पुढे १९७०च्या दशकात जॉर्ज स्ट्रायसिंगर या शास्त्रज्ञाने ओरेगॉन विद्यापीठात त्याला कामाला लावलं, आणि खाचरातला हा क्षुल्लक मासा जगभरच्या प्रयोगशाळांत जाऊन बसला.

२००२ साली केनेथ पॉस, लिंडसे विल्सन आणि मार्क कीटिंग या तिघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी झेब्राफिशच्या हृदयाच्या खालच्या कप्प्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा कापून काढला होता. रक्त उसळलं, गुठळी धरली, मासा काही काळ सुस्तावला आणि पुन्हा पोहायला लागला. दोन महिन्यांनी पाहिलं तर कापलेल्या जागी स्नायू होता. नुसता भरीव गोळा नव्हे, बाकीच्या हृदयाबरोबर आकुंचन पावणारा स्नायू.

मी हे वाचलं ते कुतूहलापोटी नव्हे. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलेल्या एका प्रश्नामागे लागून मी इथवर आले होते.

आप्पांना अटॅक आला तो शेतात. छातीत जळजळायला लागलं तेव्हा पित्त असेल म्हणून त्यांनी घरी येऊन सोडा घेतला, थोडा वेळ आडवे पडले, मग घाम फुटला. शेजारच्यांच्या जीपमधून तालुक्याला नेलं, तिथे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं, आणि तिथून शहरात. अँजिओ, ब्लॉकेज, स्टेंट. हे शब्द आमच्या भागात आता फवारणी आणि खुरपणीइतके रुळले आहेत. आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर अनोळखी माणसं एकमेकांना गाव विचारतात आणि लगेच पुढचा प्रश्न करतात, ‘पंपिंग किती?’ कुणाचं पंचेचाळीस, कुणाचं तीस. निरोगी हृदयाचा डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला आतल्या रक्तातला निम्म्याहून थोडा जास्त हिस्सा बाहेर ढकलतो. म्हणजे शंभर कुणाचंच नसतं. पण शाळेतल्या टक्क्यांची सवय झालेल्या आपल्या लोकांना पंचावन्नही नापास झाल्यासारखे वाटतात. आप्पांचं पस्तीस होतं.

घरी सोडताना डॉक्टरांनी एका कागदाच्या मागच्या बाजूला हृदय काढलं, त्याचा पुढचा खालचा भाग पेनाने तिरप्या रेघांनी भरला आणि म्हणाले, ‘हा भाग आता हलत नाही.’ आप्पांनी कागद हातात घेऊन पाहिला. ‘म्हणजे ही बाजू गेली ती गेलीच का?’ डॉक्टर म्हणाले, बऱ्यापैकी. आप्पा थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘हाड मोडलं तर जुळतं. कातडी फाटली तर भरून येते. मग यालाच काय झालं?’

पुढचा रुग्ण दारात उभा होता. डॉक्टर नुसते हसले. मला मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही.

रक्तवाहिनी तुंबली की साधारण अर्ध्या तासात पेशी मरायला सुरुवात होते. हे मरण भिंतीच्या आतल्या थरातून सुरू होतं आणि काही तासांत बाहेरच्या थराकडे सरकत जातं. म्हणून तर डॉक्टर मिनिटं मोजतात. मोठ्या झटक्यात शंभर कोटीपर्यंत स्नायूपेशी जाऊ शकतात. माणसाच्या हृदयात अशा पेशी असतात दोन-तीनशे कोटी. त्या गेल्यावर पांढऱ्या पेशी येतात आणि पडझड उचलून नेतात. पहिल्या आठवड्यातला हा काळ मोठा नाजूक. जुनं उचललं गेलेलं असतं, नवं अजून धरलेलं नसतं, आणि भिंत इतकी मऊ होते की क्वचित फुटतेसुद्धा. मग दुसऱ्या पेशी येऊन कोलॅजनचे धागे विणतात. सहा-आठ आठवड्यांत तिथे घट्ट, पांढरट व्रण तयार होतो.

या व्रणाबद्दल फार वाईट लिहिलं जातं, आणि मला ते बरोबर वाटत नाही. तो आकुंचन पावत नाही, वीज वाहून नेत नाही, सगळं खरं. पण क्षणाचीही उसंत न देता आतून दाब येत असताना, दिवसाला लाखभर वेळा ताणली जाणारी भिंत त्याने फुटू दिली नाही. आप्पा घरी चालत आले ते त्या व्रणाच्या जिवावर. खरा त्रास पुढे होतो. उरलेल्या स्नायूवर मेलेल्याचंही काम पडतं, तो जाड होतो, कप्पा हळूहळू ताणत मोठा होत जातो, आणि जेवढा मोठा होईल तेवढं काम आणखी जड. ‘मला बीपी नाही, मग बीपीची गोळी कशाला?’ ही आप्पांची रोजची तक्रार. त्या गोळ्या उरलेल्या स्नायूवरचा भार हलका करण्यासाठी आणि कप्प्याचं हे पसरणं रोखण्यासाठी असतात. हे पटवण्यात आईचा निम्मा जन्म जाणार आहे.

‘यालाच काय झालं?’ या प्रश्नाला बराच काळ सरळ उत्तर होतं: हृदयाच्या पेशी जन्मतः मिळतात तेवढ्याच, नव्या होत नाहीत. पाठ्यपुस्तकांत असंच असे. पण हे तपासणार कसं? जिवंत माणसाच्या हृदयातल्या पेशींना वय विचारता येत नाही. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतल्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने ते विचारलं, आणि त्यासाठी वापरला तो अणुबाँब.

१९५०च्या दशकात आणि १९६०च्या सुरुवातीला महासत्तांनी उघड्या हवेत बाँबच्या चाचण्या केल्या. प्रशांत महासागरातल्या प्रवाळबेटांवर, नेवाडाच्या वाळवंटात, उत्तर ध्रुवाजवळच्या नोवाया झेम्ल्यावर. त्यांतून हवेतला किरणोत्सारी कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला. १९६३ साली उघड्यावरच्या चाचण्या थांबवण्याचा करार झाला आणि हा कार्बन पुन्हा उतरू लागला. हवा कुणा एकाची नसते. तो कार्बन पिकांत गेला, पिकांतून माणसांत. पेशी जन्मते तेव्हा तिच्या डीएनएत त्या वर्षीच्या हवेतला कार्बन बसतो आणि तो मग बदलत नाही. पेशीच्या अंगावर तिची जन्मतारीखच लिहिली जाते म्हणा. फ्रिसेन यांच्या गटाने मृत व्यक्तींच्या हृदयांतल्या या तारखा वाचल्या आणि २००९ साली उत्तर दिलं. हृदयाच्या स्नायूपेशी नव्या होतात, पण विशीच्या मध्यावर वर्षाला साधारण १ टक्का, आणि पंचाहत्तरीला ०.४५ टक्का. अख्ख्या आयुष्यात निम्म्याही बदलत नाहीत.

आप्पांचा जन्म त्या चाचण्यांच्याच काळातला. परभणीकडच्या एका वाडीत, जिथे तेव्हा वीज नव्हती की रस्ता नव्हता, तिथल्या ज्वारीतही नोवाया झेम्ल्याच्या स्फोटातला कार्बन उतरला होता. आजीने ती भाकरी खाल्ली, आप्पा तिचं दूध प्यायले. त्यांच्या हृदयातल्या निम्म्याहून जास्त पेशी अजून लहानपणच्याच आहेत. त्यांनी अनेक दुष्काळ पाहिले, दोन मुलींची लग्नं केली, विहिरीसाठी काढलेलं कर्ज फेडलं, आणि या सगळ्यात त्या पेशी एकही ठोका बाजूला न ठेवता चालत राहिल्या. मला वाटतं, प्रश्नाचं उत्तर इथेच कुठेतरी आहे.

कारण झेब्राफिश जे करतो ते नेमकं याच्या उलट. त्याच्या हृदयाला जखम झाली की जखमेकाठच्या धडधाकट पेशी आपलं काम सोडतात. प्रत्येक स्नायूपेशीत आकुंचनाचे ओळीने बसवलेले तंतू असतात; तेच तिचं सगळं बळ. या पेशी ते तंतू मोडतात, शेजारणींना धरलेले हात सैल करतात, वयाने मागे गेल्यासारख्या कोवळ्या होतात, आणि मग विभागतात. एकीच्या दोन, दोनांच्या चार. जागा भरली की पुन्हा तंतू उभारतात आणि ठोक्यात सामील होतात. दुभंगायचं असेल तर आधी थांबायला हवं. माशाचा दाब कमी, रक्त थंड, पाण्यात तरंगत राहायचं. त्याच्या हृदयाला काही पेशी काही काळ कामावर नसल्या तरी चालतं. आपल्याला नाही चालत.

म्हणजे आपल्याला हे कधीच येत नव्हतं, असंही नाही. २०११ साली टेक्सासमध्ये एन्झो पोरेल्लो, हेशाम सादेक, एरिक ओल्सन आणि सहकाऱ्यांनी एक दिवसाच्या उंदराच्या पिल्लाच्या हृदयाचं टोक कापलं, आणि ते माशासारखंच भरून आलं. तेच सात दिवसांच्या पिल्लाचं कापलं तर नुसता व्रण. आठवडाभरात दार बंद. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही हे ऐकून नांग्या भरणं आठवेल. कपाशी उगवून आली की ओळीत मधेमधे मोकळ्या जागा दिसतात, बी कुजलेलं असतं किंवा पाखरांनी उकरलेलं. तिथे नवं रोप लावायचं ते आठ-दहा दिवसांच्या आत. उशीर केला तर शेजारची रोपं पुढे निघून जातात, मुळं पसरतात, सावली धरतात, आणि नंतर लावलेलं रोप जगलं तरी बोंड धरत नाही. आप्पांना उंदराची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि त्यांना त्यात नवल असं काही वाटलं नाही. नवल मलाच वाटलं होतं.

आठवड्यात असं काय होतं? सादेक यांच्याच गटाने २०१४ साली एक धागा पुढे ठेवला: प्राणवायू. गर्भात ऑक्सिजन कमी असतो, तिथे हृदयपेशी विभागत असतात. बाळ पहिला श्वास घेतं आणि ऑक्सिजनचा लोंढा येतो. पेशी त्यावर भरपूर ऊर्जा तयार करायला लागतात, त्या जाळात डीएनएला इजा होते, आणि विभागणीला कुलूप लागतं. २०१९ साली गुओ हुआंग यांच्या गटाने आणखी एक धागा जोडला. थायरॉइडचं संप्रेरक, जे शरीर उबदार ठेवतं, तेच जन्मानंतर या पेशींची विभागणी थांबवायला मदत करतं. वेगवेगळ्या प्राण्यांची हृदयं तपासल्यावर दिसलं, ज्यांचं रक्त गरम त्यांच्या पेशी बहुतेक कुलूपबंद. थंडीच्या रात्री पाण्याची पाळी धरायला उठणारं शरीर मिळालं, त्याचा मोबदला हृदयाने असा दिला. अर्थात हा माझा अर्थ; शास्त्रज्ञ इतक्या सैल भाषेत बोलत नाहीत.

आणि सगळ्या माशांना तरी ही विद्या कुठे येते? जपानच्या भातखाचरांतला मेडाका झेब्राफिशसारखाच चिमुकला, पण त्याच्या हृदयावर व्रणच उरतो. मेक्सिकोत तर एकाच जातीचे मासे दोन प्रकारे जगतात. नदीत राहिलेल्यांचं हृदय भरून येतं. फार पूर्वी जे पुराबरोबर गुहांत गेले आणि तिथेच अडकले, त्यांचे आधी डोळे गेले, रंग गेला. ऑक्सफर्डच्या मॅथिल्डा मॉमर्स्टीग यांनी २०१८ साली दाखवलं की पाचोन नावाच्या गुहेतल्या माशांची हृदय पुन्हा घडवण्याची ताकदही गेली. अंधारात तिचं काय ओझं झालं असेल, कोण जाणे.

या सगळ्यात एक काळा अध्यायही आहे, आणि तो गाळून पुढे जाणं मला प्रामाणिक वाटत नाही. २००१ साली पिएरो अँव्हेर्सा आणि सहकाऱ्यांनी जाहीर केलं की अस्थिमज्जेतल्या मूळपेशी उंदराच्या जखमी हृदयात सोडल्या की नवा स्नायू तयार होतो. पुढे त्यांनी सांगितलं की हृदयातच अशा मूळपेशी असतात, आणि हृदय आपण समजतो त्याहून कितीतरी वेगाने नवं होत असतं. हे सगळ्यांना ऐकायचंच होतं. २००४ साली दोन स्वतंत्र गटांनी तोच प्रयोग करून पाहिला, त्यांना स्नायू दिसला नाही. तरी पैसा वाहत राहिला, माणसांवर चाचण्या होत राहिल्या. शेवटी २०१७ साली अँव्हेर्सा यांच्या बोस्टनच्या रुग्णालयाने अमेरिकन सरकारला एक कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं, आणि २०१८ साली हार्वर्डने व रुग्णालयाने त्या प्रयोगशाळेचे ३१ निबंध मागे घ्यावेत असं नियतकालिकांना कळवलं. त्यांत खोटी, फेरफार केलेली माहिती होती. कितीतरी तरुण संशोधकांची वर्षं यात गेली. पण मला त्यांच्याहून जास्त आठवतात ती बाकड्यावर बसलेली, पंपिंग तीस असलेली माणसं. छातीत सुई टोचून घ्यायला ती तयार झाली ती एका चित्रावर विश्वास ठेवून.

आप्पा घरी आल्यावर आमचे एक नातेवाईक ‘स्टेम सेलने हृदय नवे करा’ असं पत्रक घेऊन आले होते. वर एका हसऱ्या आजोबांचा फोटो, खाली फोन नंबर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ सालची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की रक्ताच्या काही आजारांसारखे मोजके अपवाद सोडले तर मूळपेशींचा वापर फक्त मंजूर चाचणीत व्हावा, उपचार म्हणून पैसे घेऊन नव्हे. मी ते पत्रक फाडलं नाही. आईने त्यावर शेंगा निवडल्या.

आणि तरीही, काही महिन्यांनी इको केला तेव्हा आप्पांचं पंपिंग बेचाळीस निघालं. घरात आनंद. नातेवाइकांनी लगेच श्रेय वाटून घेतलं, कुणी लसणाला, कुणी नवसाला. झालं होतं ते असं: झटक्यात सगळाच न हलणारा भाग मेलेला नसतो. काही पेशी नुसत्या बधिर झालेल्या असतात. रक्ताची उपासमार सोसून त्यांनी हालचाल बंद केलेली असते आणि जीव धरून ठेवलेला असतो. वाहिनी उघडली, रक्त पुन्हा आलं, की त्या दिवसा-आठवड्यांनी, कधी महिन्यांनी हळूहळू आकुंचन पावायला लागतात. त्यात औषधांचीही मदत. नवं काही उगवलेलं नव्हतं. डॉक्टरांनी रेघा मारल्या होत्या त्या भागातलं थोडं जिवंत होतं, इतकंच.

खरंखुरं नवं उगवण्याचं काम सध्या दोन वाटांनी चाललंय. एक वाट माशाची: कोणत्या संदेशामुळे पेशी कोवळ्या होतात ते शोधायचं आणि आपल्या पेशींना तो द्यायचा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या गटाने २०२१ साली दाखवलं की जखमेनंतर झेब्राफिशच्या हृदयात सीसीएन-टू-ए नावाचं एक प्रथिन वाढतं आणि हृदय पुन्हा उभं राहायला ते हातभार लावतं. दुसरी वाट बाहेर स्नायू घडवून आणून लावण्याची. शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या साध्या पेशींना पुन्हा भ्रूणपेशींसारखं करून दाखवलं, वर्षभरात माणसाच्याही, आणि २०१२ साली त्यांना नोबेल मिळालं. त्या पेशींपासून आता धडधडणारा स्नायू बनतो. जर्मनीत गोटिंगेनच्या वोल्फ्राम-हुबर्टस झिमरमान यांच्या गटाने २०२५च्या जानेवारीत सांगितलेली हकीकत मी आप्पांना वाचून दाखवली. ४६ वर्षांची एक बाई, हृदय अगदी थकलेलं. तिच्या हृदयावर असा प्रयोगशाळेत वाढवलेला स्नायू शिवला. तीन महिन्यांनी तिला दुसऱ्याचं हृदय मिळालं, आणि जुनं काढून पाहिलं तर तो लावलेला स्नायू जगलेला होता, त्यात रक्तवाहिन्याही शिरल्या होत्या.

आप्पांनी चष्मा काढून बाजूला ठेवला.

‘पण तो बाकीच्यांच्या ठोक्याला ठोका लावतो का?’

याच ठिकाणी सगळे अडलेत. २०१४ साली सिएटलच्या चार्ल्स मरी यांच्या गटाने माकडांच्या हृदयात माणसाच्या भ्रूणपेशींपासून बनवलेल्या शंभर कोटी हृदयपेशी सोडल्या होत्या. पेशी रुजल्या, शेजारच्या स्नायूशी जोडल्या गेल्या, आणि मग काही आठवडे त्या हृदयांची लय बिघडत राहिली. नव्या पेशी अजून कोवळ्या, आपापल्या तालाने ठोके देणाऱ्या. मी हे सांगितलं.

‘माकडं मेली का?’

‘नाही. हळूहळू लय जागेवर आली.’

‘आणि दुसऱ्याच्या पेशी म्हटल्यावर अंग त्या ठेवून घेईल होय?’

‘प्रतिकार दाबणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात.’

‘अजून गोळ्या.’ ते आईकडे बघून म्हणाले, जणू हा घाट तिनेच घातला होता. मग मला विचारलं, ‘आपल्याला घेतील का त्यात?’

‘पंपिंग फारच खाली गेलेल्यांना घेतात, आप्पा. तुमचं बेचाळीस आहे.’

‘म्हणजे आपण नापास.’

‘पास झालात म्हणून घेत नाहीत.’

‘हे बरंय तुमचं,’ असं म्हणून त्यांनी बीपीची गोळी मागितली, आणि आईने पाण्याचा तांब्या पुढे केला तेव्हा तिला सांगितलं की ही बीपीची नाही.